जित्या माणसाचं सुतक

मी लिहायला बसलो याबद्दलच आधी माफी मागतो. आमच्या घरात लेखणी धरणारा मी पहिलाच, आणि आजवर जे लिहिलं ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत. स्वतःविषयी लिहायचा अधिकार कुणाला असतो, मला माहीत नाही. पण ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही — वडिलांना नाही, आईला नाही, देवापुढंही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझं गाव हिर्डोशी. धोंडूतात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मी भोरच्या शाळेत होतो तेव्हा दर पंधरा दिवसांनी हे तात्या डोक्यावर तांदूळ आणि नाचणीचं पीठ घेऊन पायी यायचे. पुढं पुण्याला कॉलेजात निघालो तेव्हा भोरच्या मोटारीपर्यंत माझी ट्रंक त्यांनीच वाहिली. हे आधीच सांगून ठेवतो. मी कुणाशी असा वागलो, ते तुम्हाला कळायला हवं.

पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी गावी निघालो. बरोबर माझ्या खोलीत राहणारा दिनकर होता, सारोळ्याचा — उंच, दाट मिशांचा, कॉलेजच्या नाटकांत कामं करणारा. भोरला रामनवमीचा उत्सव होता, तंबूत बोलपट लागला होता. त्यात एक पोलीस भाडोत्री मारेकऱ्याचं सोंग घेतो. लोक त्याला माणसं मारायला सांगतात, तो 'काम झालं' म्हणून येऊन सांगतो, आणि सांगणारा पश्चात्तापानं रडू लागला की मेलेला माणूस पडद्यामागून शिंकतो. सगळा तंबू हसत होता. मी तर डोळे पुसत होतो. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं? आता सांगता येत नाही.

गावात पोचलो तर तात्यांचं आणि सखाकाकांचं भांडण पेटलेलं. सखाकाकाही भावकीतलेच. दोघांच्या बांधावर ऐनाचं एक झाड होतं. त्याच्या फांद्या तोडून दोघंही भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायचे. त्या साली सखाकाकांनी झाड एकट्यानंच साफ केलं. तात्या अंगणात सगळ्यांदेखत म्हणाले, याचा कुणी मुडदा पाडील तर हातातलं चांदीचं कडं काढून देईन. असलं बोलणं आमच्याकडं रोजचं. चार दिवसांनी तीच माणसं एका चिलमीवर बसतात. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण मी दिनकरकडं पाहिलं, दिनकरनं माझ्याकडं — आणि दोघांनाही तो तंबू आठवला.

मीच तात्यांना सांगितलं. दिनकरनं नव्हे, मी. म्हणालो, हा विद्यार्थी नाही. असली कामं करतो, पोलिसांपासून लपायला माझ्याकडं राहतो. तात्यांनी विश्वास ठेवला. शिकलेला पोरगा आपल्याशी खोटं कशाला बोलेल?

दोन दिवस गेले. मग भर दुपारी आम्ही ओढ्यावर अंघोळ करत होतो तिथं आले. दिनकरकडं पाहिलंही नाही. मलाच विचारलं, "लई तडफडंल का रं त्यो?"

तिथं तरी थांबायला हवं होतं — नाही? दिनकर नाटकातल्या आवाजात म्हणाला, "कळायचं बी न्हाई त्याला." तात्या कडं काढू लागले. लहानपणापासूनचं ते, निघेना. ओल्या मातीनं हात चोळून ओढलं तेव्हा कातडं सोलून निघालं.

दुसऱ्या दिवशी सखाकाका बैलांवर हिरड्याची पोती लादून वरंधा घाटानं महाडकडं गेले. चार-पाच दिवसांचा फेरा. दिनकर त्यांच्यामागं घाटापर्यंत नुसता फिरून आला, तात्यांना 'काम झालं' म्हणाला आणि सारोळ्याच्या वाटेला लागला. पुढचं माझ्याकडं होतं. सखाकाका परत येतील, तात्या दचकतील, शरमतील, मी हसत हसत सगळं उलगडून सांगेन. बोलपटात तसंच झालं होतं.

तात्यांनी भलतंच केलं. सकाळी ते नदीवरून आले ते डोकं आणि मिशा उतरवून. न्हाव्याला न बोलावता, आपल्याच हातानं; कानामागं दोन ठिकाणी कापलं होतं. आमच्याकडं भावकीतला माणूस गेला की पुरुष असं करतात. ते घराबाहेर भुईवर बसून राहिले. कुणाला शिवेनात. सखाराम घाटात पडलाय, कुणाला पत्ता नाही, मग त्याचं सुतक कोण धरणार? — एवढंच त्यांच्या मनात आलं असणार. माणूस मारायला सांगणं त्यांना जमलं. त्याचं सुतक चुकवणं जमलं नाही.

आणि मी? मी हसलो. परड्यात जाऊन, तोंडात धोतराचा सोगा कोंबून हसलो. दिनकरला पत्र लिहिलं की आपला खेळ बोलपटापेक्षा सरस वठलाय. लोक तात्यांना विचारत होते, कोण गेलं? ते बोलत नव्हते. असे तीन दिवस गेले. मी एक शब्द बोलायचा होता.

चौथ्या दिवशी सखाकाका बैल हाकत आले. तात्या उठले, दोन पावलं पुढं गेले आणि त्यांच्या खांद्याला हात लावून पाहिला — खरंच माणूस आहे का ते. मग वळून माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी मान खाली घातली.

ते डोकं कुणासाठी उतरवलंय हे सखाकाकांच्या बायकोनं ओळखलं. "माझ्या जित्या धन्याचं सुतक धरलं ह्यानं," ती म्हणाली.

जित्या माणसाचं सुतक म्हणजे आमच्याकडं करणी. गावकी बसली. माझे वडील पंचांत होते. तात्यांना विचारलं, असं का केलं? ते म्हणाले, "सपान पडलं व्हतं." याउपर काही नाही. माझं नाव घेतलं नाही. मी तिथंच होतो, खांबाला टेकून. बोललो असतो तर वडिलांची मान खाली गेली असती, माझं कॉलेज सुटलं असतं — असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं एवढंच की मी भ्यालो. पंचांनी तात्यांना वाळीत टाकलं. वडिलांनीही मान डोलावली.

कुणी विस्तव देईना, पाणवठ्यावर येऊ देईना. आठवड्यानं तात्या घाट उतरून गेले. जाताना आमच्या दारात तांदळाचं गाठोडं ठेवून गेले, माझ्या पुण्याच्या शिध्याचं. वाळीतल्या माणसाचं म्हणून आईनं ते आत घेतलं नाही. कोंबड्यांनी खाल्लं.

कडं पुढं दिनकरनं मला आणून दिलं. ते माझ्या ट्रंकेत तळाशी आहे.

याला तीन वर्षं झाली. परवा वडिलांचं पत्र आलं असं लिहिणार होतो, पण परवा नव्हे, तेही सांगतो. वडिलांना लिहिता येत नाही, मास्तरांकडून लिहवून घेतलेलं पत्र. भात बरं आलंय, गाय व्याली, आणि शेवटी — धोंडू खाली कोकणात एका आंब्याच्या बागेत राखणीला होता, तापानं गेला. बातमी घाट चढून वर यायला महिना लागला. वाळीतल्या माणसाचं सुतक कुणी धरायचं नाही असं गावकीनं ठरवलं. सखाराम ऐकेना. नदीवर जाऊन डोकं-मिशा उतरवून आला. पंचांनी जाब विचारला तर म्हणाला, "त्यानं माझं म्या जित्ता असताना धरलं. म्या त्याचं मेल्यावर बी धरू नगं व्हय?"

लांबची बातमी असली की आमच्याकडं कळल्या दिवसापासून दहा दिवस मोजतात. पत्र येऊन आज अकरावा दिवस आहे. माझ्या डोक्यावर केस तसेच आहेत.