खाली कोण उभं आहे

आमच्या वन्संनी, म्हणजे माझ्या मोठ्या नणदेनं, साठीच्या तोंडावर दरीत उडी मारायचं ठरवलं तेव्हा मी आधी माझ्या मुलीला फैलावर घेतलं, कारण हे खूळ तिनंच घरात आणलं होतं. अल्पना इंदूरला नोकरी करते. दिवाळीत ती धारला आत्याकडे गेली आणि तिला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवून आली. मांडूच्या वाटेवर कुणा रिसॉर्टवाल्यानं दरीच्या काठावर लोखंडी मचाण उभारलं आहे. तिथं पायांना रबराचा जाडजूड दोर बांधतात आणि माणसं आपखुशीनं खाली झेप घेतात. त्याला बंजी म्हणतात. अल्पनानं स्वतःचा नंबर लावला होता. गमतीनं म्हणाली, "आत्या, तू पण चल ना. साठपर्यंतच घेतात हं, नंतर एंट्री बंद."

वन्सं चहा गाळत होत्या. गाळणं तसंच हातात धरून त्या म्हणाल्या, "माझं नाव लिहून टाक." जगदेवराव, म्हणजे वन्संचे यजमान, पेपर खाली न घेता एवढंच म्हणाले, "सोमवारी नको. सोमवारी सिलिंडर येणार आहे."

हे सगळं मला फोनवर कळलं. मी देवासला, त्या धारला, आणि मध्ये अख्खं इंदूर. पण संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की आमचा फोन ठरलेला. मी त्यांना चांगलं सुनावलं. "वन्सं, तुमचं बीपी, तुमचं वय, आणि लोक काय म्हणतील?"

त्या म्हणाल्या, "बकुळा, मी एकदा वर जाऊन तशीच परत उतरलेली बाई आहे गं. ते अजून डोक्यातून जात नाही."

ती गोष्ट मला ठाऊक होती.

माझे सासरे गणोजीराव, त्यांना मी मामंजी म्हणत असे, दिवसा कारखान्यात पाळी करायचे आणि संध्याकाळी देवासच्या टेकडीखालच्या आखाड्यात मल्लखांब शिकवायचे. आमचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर इकडे आले, असं घरातल्या प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगतंच. फौज गेली, घोडे गेले, आखाडा तेवढा राहिला होता. मुलींसाठी तिथं दोरीचा मल्लखांब होता. वर टांगलेला दोर पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात पकडून सरसर चढायचं आणि वर जाऊन आसनं करायची. वन्संचं खरं नाव सुमंगला, पण माहेरी त्या गुड्डी, आणि गुड्डी त्या दोरावर सगळ्यांत तरबेज. तिची खास कसरत म्हणजे शेवटची झेप. दोराचे वळसे कमरेला आणि पायांना घ्यायचे, दोन्ही हात सोडायचे आणि डोकं खाली करून सुटायचं. वळसे उलगडत माणूस खाली येतो आणि जमिनीच्या हातभर वर थांबतो. खाली गादी नाही, जाळी नाही. खाली मामंजी.

तो आखाड्याचा नियमच होता. खाली कुणीतरी उभं राहून आवाज दिल्याशिवाय वरच्यानं हात सोडायचे नाहीत. मामंजी दोन्ही हात पसरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मी खाली आहे. सोड." तेवढ्यावर गुड्डी सोडायची.

अकरावीत असताना दसऱ्याला गावासमोर तिची ही कसरत ठेवली होती. नेमके त्याच दिवशी मामंजी तापानं फणफणले. त्यांच्या जागी तात्या उभे राहिले. आखाड्यातलेच, भला माणूस, दंड मामंजींहून दणकट. आवाजही त्यांनी बरोबर दिला. गुड्डी वर गेली, वळसे घेतले, आणि हात काही सुटेचनात. ढोलकीवाला थापा मारून दमला. शेवटी वळसे सोडवून, दोर धरत धरत ती साधी उतरली. टाळ्या पडल्या. काही राहून गेलं हे लोकांना कळलंही नाही. तिला वाटलं, पुढच्या वर्षी करू. पुढच्या दसऱ्याला ती धारला सासरी आपट्याची पानं वाटत होती.

पुढे मी त्या घरात सून म्हणून आले, तोवर आखाडा बंद पडला होता आणि मामंजी थकले होते. दोराचा एक तुकडा नंतर अल्पनाच्या पाळण्याला लागला, उरलेला उंदरांनी संपवला. पण मामंजींची सवय काही गेली नाही. मी फळीवरची बरणी काढायला स्टुलावर चढले की ते काठी टेकत स्वयंपाकघरात यायचे. सुनेकडे कसं बघायचं, म्हणून तोंड भिंतीकडे करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मी खाली आहे." मला तेव्हा भारी राग यायचा. स्टूल ते केवढंसं, आणि हे धडपडले असते तर मलाच उचलावं लागलं असतं. आता बल्ब बदलायला मी स्टुलावर चढते, खाली कुणी नसतं, आणि त्यांची फार आठवण येते. खरं सांगते, माझ्या वडिलांचीही इतकी येत नाही.

वन्संनी तयारी मात्र मन लावून केली. लोणचं बंद, पापड बंद, शेव तर डोळ्यांसमोर नको. माळव्यात राहून शेव सोडणं म्हणजे काय ते इथल्याच माणसाला कळेल. पहाटे उठून धारच्या किल्ल्याचा चढ चढायच्या. डॉक्टरांनी बीपी बघितलं, पाय वाकवून बघितले, आणि तोंड वाकडं करून का होईना, चिठ्ठी दिली.

उडीच्या आधी आठवडाभर त्या देवासला आमच्याकडे आल्या. मी म्हटलं, "उडी मांडूला, मग तयारीला इकडे उलटं कशाला?"

"तिकडे मी काकू आहे, आजी आहे, मिसेस अमकी आहे. इकडे तरी गुड्डी आहे," त्या म्हणाल्या. देवासलाही आता त्यांना गुड्डी म्हणणारं कुणी उरलेलं नव्हतं. मी त्यांच्या ताटात अजून एक पोळी वाढली.

त्यांची सगळी अडचण हातांची होती. त्या मला समजावून सांगत, "पाय बांधायचं काम त्यांचं. माझं काम हात मोकळे सोडायचं, आणि तेच मला येत नाही. दोरावर जन्म गेला ना, हात आपोआप काहीतरी धरायला जातो." मग रोज दुपारी माझ्या हॉलमध्ये गाद्या अंथरल्या जायच्या. वन्सं दिवाणावर उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या, आणि खाली झोकून द्यायच्या. दर वेळी शेवटच्या क्षणी हात पडद्याकडे जायचा. तिसऱ्या दिवशी पडदा दांडीसकट खाली आला. मी म्हटलं, "वन्सं, दरीत पडदे नसतात." त्या गादीवर पडल्या पडल्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना.

एका संध्याकाळी आम्ही आखाड्याची जागा बघायला गेलो. तिथं आता मोटारसायकली दुरुस्त करतात. कोपऱ्यातला मारुती तेवढा आहे, त्याला कुणी नव्या टाइल्स लावल्यात. वन्संनी चपला काढून नमस्कार केला आणि मान वर करून कितीतरी वेळ छताकडे बघत राहिल्या. दुकानवाला म्हणाला, "क्या चाहिए, आंटी?"

"कुछ नहीं भिया," वन्सं इंदुरी ढंगात म्हणाल्या, "कडी ढूंढ रही थी. यहीं थी." दोर टांगायची कडी नव्हती. छतच नवीन होतं. परत येताना कोपऱ्यावरची जिलबी घेऊ का, असं मी त्यांना विचारलं नाही.

उडीच्या दिवशी मी आधीच बजावलं होतं की मी गाडीतून उतरणार नाही. माझं माहेर सोनकच्छचं. तिथं उंच म्हणजे पाण्याची टाकी, आणि मी तिच्याकडेसुद्धा मान वर करून बघत नाही. पण गाडीत जीव राहीना, म्हणून उतरून मचाणापासून लांब एका बाकावर बसले. वन्संनी अल्पनाची ट्रॅक पँट घातली होती. पदर नव्हता तरी त्यांचा हात सारखा खांद्याकडे जात होता.

आधी अल्पनानं उडी मारली. तिची किंकाळी ऐकून मी कान झाकून घेतले. तिला खालीच उतरवून घेतलं. दरीच्या तळातून वर यायला पायऱ्या होत्या, त्या चढून तिला यायचं होतं. मग वन्संचा नंबर लागला. पाय बांधले, पट्टे आवळले, आणि त्या लंगडी घातल्यासारख्या टुणटुण करत कडेला गेल्या. तिथं त्यांनी विचारलं, "नीचे कौन खड़ा है?"

"हमारे दो आदमी हैं, आंटी. वही उतार लेंगे," तिथला प्रमुख म्हणाला.

"उनको बोलो, आवाज़ दें."

त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही, पण त्यानं वॉकीटॉकीवर विचारलं. त्यातून खरखरत उत्तर आलं, "नीचे ओके, सर." वन्संनी ते ऐकलं. त्यांचे दोन्ही हात कठड्यावर होते, ते तिथंच राहिले. तो म्हणाला, "आंटी, रेलिंग छोड़िए." परत म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं आवाज मऊ केला आणि त्यांना हळूच मागे घेतलं. "कोई बात नहीं, आंटी. बहुत लोग लौट जाते हैं."

वन्सं येऊन माझ्याशेजारी बाकावर बसल्या. तळहात बघत म्हणाल्या, "तात्यांच्या वेळेसारखंच झालं बघ." मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, "बाबा नाहीत ना गं खाली."

अगदी लहान पोरीसारखं म्हणाल्या. आणि मला रडू येणार असलं की तोंडातून संताप बाहेर पडतो, हा माझा जुना रोग. "मग मी काय मेलेय?" मी म्हटलं. "उठा. त्या भियाला सांगा, परत बांध म्हणावं. मी जाते खाली."

"तुला पायऱ्या झेपायच्या नाहीत, बकुळा. तुझे गुडघे..."

"माझे गुडघे मी बघीन. तुम्ही तुमचे हात बघा."

त्या पायऱ्या कुणा शत्रूनं खोदल्या असाव्यात. एक उंच, एक बसकी, तिसरी नाहीच. लोखंडी नळीचा कठडा धरून, कधी चक्क बसून, मी उतरले. अर्ध्यात अल्पना धापा टाकत वर येताना भेटली. "मम्मी! तू कुठे चाललीस?"

"तुझ्या आत्याच्या खाली उभी राहायला," मी म्हटलं. ती मामंजींची नात. तिनं माझा हात दाबला आणि बाजूला झाली.

खाली हेल्मेट घातलेले दोघं मला बघून ओरडले, "आंटी, पीछे! पीछे!" त्यांनी दाखवलेल्या दगडापाशी मी उभी राहिले आणि मान वर केली. टाकीकडे न बघणारी मी. मचाणावर वन्सं बोटाएवढ्या दिसत होत्या. मामंजी उभे राहायचे तसे मी दोन्ही हात पसरले आणि तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. वर त्या थांबलेल्या, खाली मी अशी. मग आवाज कुठूनसा आला. वन्संना मी जन्मात नावानं हाक मारली नव्हती, पण त्या वेळी तोंडात दुसरं काही आलंच नाही.

"गुड्डी! मी खाली आहे. सोड!"

आणि वन्संनी सोडलं.

त्या ओरडल्या नाहीत. डोकं खाली, वेणी सुटलेली, आणि दोन्ही हात उघडे, अगदी रिकामे. दोर ताणला, त्यांना परत आभाळात घेऊन गेला, परत खाली आणलं. मी हात पसरूनच उभी होते. मी झेलणार काय होते, कप्पाळ, पण हात खाली घ्यायचं सुचलं नाही. ते दोघं त्यांना उतरवून घ्यायला लागले तेव्हा मी पुढ्यात आडवी बांधलेली दोरी ओलांडून पुढे धावले. उलट्या लटकलेल्या वन्संचे हात आधी माझ्या हातांत आले, मग बाकीच्या त्या.

पाय सोडवून झाल्यावर त्या मातीतच बसल्या. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. म्हणाल्या, "फार उशीर झाला गं, बकुळा."

"झाला तर झाला," मी म्हटलं आणि पदरानं त्यांचे डोळे पुसले. मग माझेही पुसले.

मग वर चढायची वेळ आली. मी पायऱ्यांकडे बघितलं आणि कठडा घट्ट धरला. वन्संनी मला पुढे घातलं. त्या मागे, एक पायरी खाली. चौथ्या की पाचव्या पायरीवर मी थांबले. आता आपल्याच्यानं होत नाही, असं म्हणणार होते, तेवढ्यात पाठीवर त्यांचा तळहात टेकला.

"चढ तू," मागून आवाज आला. "मी खाली आहे."