उलट्या बाकाचं धनुष्य

लिंबाजी माझ्या बापाच्या वयाचा, तरी मी त्याला लिंबाजीच म्हणायचो. आम्हा पाटलांच्या घरात तशीच रीत होती, आणि तिची लाज मला फार उशिरा वाटली. औशाजवळच्या आमच्या गावात कुदळीला, कुऱ्हाडीला दांडा बसवावा तर त्यानंच. बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावरही तो हेच करायचा. तलावाच्या जागेतली धामणीची झाडं तोडली तेव्हा लोकांनी त्यांचं सरपण केलं. यानं एक सरळ ओंडका उचलला आणि घरात आढ्याला टांगला. धामण वाकते, मोडत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

दहा वर्षं ते लाकूड वाळलं. मग लातूर जिल्हा झाला आणि नव्या जिल्ह्याचा तिरंदाजीचा संघ निवडणार, असं औशाच्या शाळेत कळलं. लिंबाजीची पंचशीला तिथं दहावीत होती. बांबूच्या धनुष्यानंही तिचा नेम चुकत नसे. मास्तर म्हणाले, धनुष्य ज्याचं त्यानं आणायचं आणि तिथं बांबू चालायचा नाही. त्यांनी टोकं बाहेर वळलेल्या धनुष्याचा फोटो दिला. तो फोटो बघून लिंबाजीनं ओंडका खाली उतरवला.

दोन महिने खपला. धामणीच्या पट्ट्या काढल्या, टोकं वाफेवर मऊ करून वळवली, पट्ट्या सरसानं जोडल्या, काचेच्या तुकड्यानं तासल्या. रोज खुंटीला अडकवून दोरी ओढायचा आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का बघायचा.

दसऱ्याला आमच्याकडं रामाचं सोंग निघतं. त्या वर्षी राम मी होतो. चुलते श्रीमंतराव म्हणाले, “लिंबाजीचं धनुष्य आण.” निवड चार दिवसांवर होती. त्यानं नाही म्हणायला हवं होतं. पण गावानं आजवर त्याला नुसतं राबवलं होतं, त्याच्याकडं मागितलं कधी काही नव्हतं. भुलला बिचारा. धम्मदिनाच्या पांढऱ्या कपड्यांत होता, तसाच माझ्यामागं निघाला.

“मालक, दोरी काढली की त्ये उलटं वळतंय. बाकाच्या इरुद्ध चढवावी लागती. मीच चढवतो.”

मी ऐकलं होतं. चांगलं ऐकलं होतं.

देवळाच्या पायरीशी तो थांबला. तिथून म्हणाला, “द्या इकडं, मी चढवतो.”

“तू ऱ्हा तिथंच,” चुलते म्हणाले. “दोरी बांधायला काय लई अक्कल लागती?” आणि दिसत होता त्याच बाकाला त्यांनी दोरी बांधली.

“उलटं हाय त्ये! वढू नका!” लिंबाजी खालून ओरडला. त्याचा पाय पायरीवर पडला तसं दोघांनी त्याला मागं रेटलं. मी डोक्यावर मुकुट घालून गप्प उभा. चार लोकांत चुलत्यांना चूक कोण म्हणणार? ऐटीत दोरी ओढली. मोडत नाही म्हणतात ती धामण मी मधोमध मोडली.

चुलत्यांनी आपट्याची पानं वरूनच त्याच्या हातावर टाकली. “सोनं घे. दुसरं करशील की.” त्यानं पानं खाली ठेवली, दोन तुकडे उचलले आणि गेला.

दुसरं लाकूड वाळायला दहा वर्षं हवी होती. पंचशीला लातूरला गेलीच नाही. पुढं तिनं धनुष्य हातातही धरलं नाही.

आता दर दसऱ्याला मी सोनं घेऊन त्याच्या दारी जातो, लिंबाजीकाका म्हणतो. तो बसायला घोंगडी टाकतो, पाणी देतो. मालक म्हणणं त्यानं त्याच दिवशी सोडलं. पानं हातात घेतो आणि दरवर्षी एकच विचारतो, “रामकिशन, दोरी चढवाया आली का रं आता?”