आईंच्या पायातली पिन

गणपती यायला दोन दिवस होते आणि मी माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढत होते. मखराचं सगळं सामान तिच्यात असतं. नवरा ऑफिसातून आला की काढेल, असं सासूबाई दोनदा म्हणाल्या होत्या. पण तो येणार सात-आठला, मग चहा, मग बातम्या. मी स्टुलावर चढले, ट्रंक पुढे ओढली, तिचं वजन छातीवर घेतलं आणि कमरेत काहीतरी कट् झालं. आवाज मला ऐकू आला, असं मी आजही सांगते. नवरा म्हणतो, तसा आवाज येत नसतो. ट्रंक मी पडू दिली नाही. नीट खाली ठेवली, स्टुलावरून उतरले, आणि मग मला सरळ होता येईना.

आम्ही काळाचौकीला राहतो. जुनी चाळ पाडून जी इमारत झाली, तिच्यात अकराव्या मजल्यावर. घरात चौघं. मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. तेव्हा त्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. साखर त्यांना वीस वर्षांपासून आहे. गोळ्या वेळेवर, गोड मोजून. त्या बाबतीत शिस्तीच्या. बाकी मात्र कुणाचं ऐकायच्या नाहीत.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी मला तपासलं, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की मणक्यातली गादी सरकलेली दिसते. सुरुवातीचे चार-पाच दिवस वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, कडक जागेवर पडून राहायचं, पायात बधिरपणा आला तर लगेच कळवायचं. मी विचारलं, परवा गणपती आहे, निदान मोदकांपुरतं बसता येईल का? ते म्हणाले, मोदक खायला बसा. त्याच सकाळी मी इमारतीच्या ग्रुपवर एक मेसेज पुढे पाठवला होता, सणासुदीत तब्येत कशी सांभाळावी याचा. गुडघ्यात वाकून वजन उचला, हा त्यातला दुसरा मुद्दा. त्यावर बायकांचे अंगठे येत होते आणि मी रिक्षात आडवी होऊन घरी चालले होते.

आतल्या खोलीतला पलंग मऊ, म्हणून हॉलमध्येच जमिनीवर सतरंजी आणि पातळ गादी घालून मला निजवलं. समोरच्या भिंतीला मखर उभं राहिलं. नवऱ्याने प्लायची चौकट उभी केली, मुलीने तिच्यावर जांभळी मखमल ताणून ड्रॉइंग पिनांनी बसवली. मधेच पिनांची डबी तिच्या हातून निसटली आणि पिना लादीवर पसरल्या. तिने गुडघ्यांवर बसून एकेक वेचली. मी पडल्या पडल्या म्हटलं, नीट बघ, कोपऱ्यातही बघ. ती म्हणाली, सगळ्या घेतल्या.

मग पाहुणे, आरत्या, मोदक. पहिल्या दिवशी आईंनी एकवीस मोदक एकट्यांनी वळले. दर वर्षी उकड मी मळते, त्या फक्त कळ्या पाडतात. मला स्वयंपाकघराच्या दारातून त्यांचे पाय तेवढे दिसत. जमिनीवर निजलं की घर पायांचं होतं. कोण आलं, कोण गेलं, हे मी पायांवरून ओळखायला लागले. आलेल्या बायका आधी गणपतीला हात जोडत, मग माझ्याकडे वाकून आपापल्या कमरेची गोष्ट सांगत. एकीने तव्यावर विटेचा तुकडा तापवून शेकायला सांगितलं, दुसरीने परळचा हाडवैद्य सुचवला. मी हं हं करत होते. पातेल्याचं झाकण पडलं की उठायला जायचे आणि कमरेतून टाचेपर्यंत कळ जायची.

त्या दिवसांत आई अनवाणी होत्या, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. साखरेमुळे त्यांच्या तळव्यांना जाणीव कमी झालेली. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं की घरातही चपलेशिवाय पाऊल टाकायचं नाही. एरवी त्या मऊ रबरी चपला घालत. पण गणपती घरात असले की त्या चपला गॅलरीत जात. मी आदल्या वर्षीही बोलले होते. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पाच दिवस बाप्पा घरात आसा आणि मी चपला घालून फिरू?" यंदा मी बोललेच नाही. स्वतः कामाला निरुपयोगी होऊन पडलेय आणि राबणाऱ्या बाईला वर नियम सांगायचे, मला जड गेलं. हे कारण आहे, सबब नाही. पण ते तसं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गौर आली. तिची पावलं काढून झाली, हळदीकुंकू झालं, आणि आई जरा दम खायला माझ्या गादीच्या कडेला भिंतीला टेकून बसल्या. पाय लांब सोडले. त्यांचा उजवा तळवा माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर आला. अंगठ्याच्या खाली, जिथे पायाचा गादीसारखा भाग असतो, तिथे एक पिवळी चकती चमकत होती. मला वाटलं टिकली चिकटलीय. मी हात लांब करून नखाने ती काढायला गेले. निघाली नाही. ती पिनेचं डोकं होतं. पिन पूर्ण आत होती.

"आई, पायात पिन आहे."

"खय?" त्यांनी पाय वळवून बघितला. चेहऱ्यावर काहीच नाही. दुसऱ्या कुणाच्या पायात असावी तसं बघितलं.

मुलीला हाक मारली. तिने खाली बसून पिन उपटली. रक्त जेमतेम एक थेंब, आणि तेही काळपट. भोवतालचं कातडं पांढरं, फुगलेलं. म्हणजे पिन आजची नव्हती. चपला गॅलरीत गेल्या तेव्हापासून, बहुधा पहिल्या दिवसापासून, त्या तिच्यावर चालत होत्या. त्याच पायाने एकवीस मोदक, त्याच पायाने आरतीला अर्धा-अर्धा तास उभ्या. मुलगी पिन हातात धरून बसून राहिली. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं.

नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लगेच आणायला सांगितलं. साखरेच्या माणसाला दुखत नाही हाच धोका, जखम आत किती गेलीय ते बघावं लागेल, धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल. नवऱ्याने फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे आईंनीही ऐकलं. त्यांनी पदराने तळवा पुसला आणि उठल्या.

"माका दुखत नाय. दुखत नाय तर डॉक्टराक काय दाखवू?"

मी म्हटलं, खाली गल्लीतच जायचंय, अर्ध्या तासात परत याल. पण खाली गल्ली राहिलीच कुठे होती. रस्त्याला बांबू बांधून जवळच्या मोठ्या सार्वजनिक गणपतीच्या दर्शनाची रांग आमच्या फाटकावरून जात होती. दवाखान्यात पोचायचं तर मागच्या बाजूने वळसा घालून, माणसांच्या खांद्यांतून. नवरा खिडकीतून खाली बघून आला आणि म्हणाला, आत्ता शक्य नाही, उद्या सकाळी गर्दी कमी असेल तेव्हा नेतो. सकाळी आई आंघोळ करून घावन घालायला बसल्या. गौरीपूजनाचा दिवस. नवरा चलतेस का विचारायला गेला आणि एकटाच परत आला.

तेव्हा मी उठायचं ठरवलं. वाटलं, मी स्वतः उठून तयार झाले, दारात उभी राहिले, तर त्यांना यावंच लागेल. कुशीवर वळले, कोपरावर आले, गुडघ्यांवर आले. तिथवर जमलं. मग एक पाय पुढे टाकायला गेले आणि कमरेने मला जागच्या जागी धरलं. श्वास घेता येईना. हातावरचा तोल गेला आणि मी तशीच तोंडावर गादीत पडले. आवाज ऐकून आई आतून आल्या, हाताला पीठ लागलेलं. मला कुशीवर केलं, पदर खोचला, कोमट तेल आणलं आणि माझ्या कमरेला चोळायला बसल्या. माझ्यासाठी त्या पिन लागलेल्या पायावर उकिडव्या बसल्या होत्या. मी रडत होते, आणि त्यांना वाटत होतं की कंबर दुखतेय म्हणून.

"आई, तुम्ही डॉक्टरांकडे जा. माझ्यासाठी जा."

"गौर घराक इली हा. तिका टाकून मी जाव? उद्या जातली ती, मगे जाऊया."

त्यांचा आवाज शांत होता. मी नवऱ्यावर चिडले, त्याला नाही नाही ते बोलले. उचलून ने, म्हटलं. तो म्हणाला, आईला उचलून? त्यालाही भीती वाटत होती, हे मला आता कळतं. तेव्हा मला तो नुसता उभा असलेला दिसत होता.

पाचव्या दिवशी सकाळी मला वास आला. उभ्या माणसाला तो आला नसता. घरभर झेंडू, केवडा, उदबत्ती. पण खाली, जमिनीलगत, आई जवळून गेल्या की मागे एक गोडूस कुजका वास राहायचा. घोटा लाल झाला होता. मी नवऱ्याला बोलावून म्हटलं, खाली बस आणि हुंग. तो बसला, हुंगला, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने लगेच रुग्णालयात फोन केला. त्यांनी सांगितलं, घेऊन या. पण विसर्जनाचा दिवस, गौरी-गणपतींचा, गाडी आत येणार नव्हती. दुपारी तीनला गणपती उठवायचे होते. आई म्हणाल्या, ते झालं की मी मुकाट येते. त्यांनी गणपतीच्या हातावर दही ठेवलं, उत्तरपूजा करवून घेतली, मूर्ती दाराबाहेर पडेपर्यंत उभ्या राहिल्या. लिफ्टचं दार बंद झालं आणि त्या उंबऱ्यावर बसल्या. अंगात हीव भरलं होतं. दात वाजत होते.

मूर्ती घेऊन खाली गेलेल्या नवऱ्याला मुलीने फोन केला. त्याने मूर्ती शेजाऱ्यांच्या हाती सोपवली आणि धावत परत आला. आईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून शेजारच्या दोघांनी खाली नेलं. फाटकाशी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी शिट्ट्या वाजवून रांग थांबवली आणि दोरी धरून वाट करून दिली, असं मुलीने मला नंतर सांगितलं. लोक बाजूला होताना खुर्चीतल्या आईंना नमस्कार करत होते म्हणे. त्यांना कसला कार्यक्रम वाटला कोण जाणे.

हे सगळं मी बघितलं नाही. दार लोटून सगळे गेले आणि मी रिकाम्या मखरासमोर पडून होते. खालून ढोल-ताशाचा आवाज येत होता. पाण्याचा तांब्या टीपॉयवर राहिला होता, मला तो घेता आला नाही. मोबाइल छातीवर ठेवून मी वाट बघत बसले. बसले म्हणजे पडले. दोन तासांनी फोन आला. परळच्या रुग्णालयात घेतलं होतं, पण पू हाडापर्यंत गेला होता.

तीन दिवसांनी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काढला. आणखी उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, असं तिथले सर्जन म्हणाले. आई पाच आठवडे तिथे होत्या. माझी कंबर त्या मुदतीत सुधारली. औषध, व्यायाम, पट्टा, बाकी काही नाही. जी घरात सगळ्यांना अडचण करून पडली होती, ती महिन्याभरात डबा घेऊन रुग्णालयात चालत जायला लागली. याचं मला बरं वाटायला हवं होतं.

मुलीने एकदा जेवताना विचारलं, ती पिन मीच पाडलेली ना? आम्ही दोघांनीही एकदम नाही म्हटलं. पुढे तिने तो विषय काढला नाही, पण त्यानंतर लादी झाडायचं काम तिने आपणहून घेतलं आणि आजतागायत कुणाला करू देत नाही. मी तिला थांबवायला बघते. ती ऐकत नाही.

आई दिवाळीच्या आधी घरी आल्या. एका बाजूला कापसाची गादी असलेला बूट त्यांना दिलाय, तो घालून वॉकरने चालतात. रोज सकाळी मी दोन्ही तळवे बघते, त्या बघू देतात. एका दुपारी मी त्यांना सरळ विचारलं, तेव्हा का नाही ऐकलंत. म्हणाल्या, दुखलं असतं तर गेले असते. यात कुणावर राग नव्हता. त्यांच्या हिशेबात एवढंच खरं होतं.

अलीकडे त्या दुपारच्या झोपेतून उठतात आणि मला हाक मारतात. मी जाते. त्या पांघरुणाखालून उजवा पाय बाहेर काढतात.

"अंगठो दुखता गो. जरा दाब."

पहिल्यांदा मी घाबरले. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, असं होतं कधीकधी, काढलेला भाग दुखत राहतो, हळूहळू कमी होईल. औषध दिलंय. फारसा फरक नाही. मी त्यांच्या पायाशी बसते. जिथे अंगठा होता तिथे टाक्यांची गुळगुळीत रेघ आहे, तिच्या पुढे नुसती चादर. कुठे दाबायचं ते मला कळत नाही. मी रेघेच्या अलीकडे बोटं फिरवते. त्या डोळे मिटून सांगतात, थय नाय, जरा पुढे.