डॉकवरचा कुळाचार

“सहा तारखेला सुट्टी? मला? कशाला?”

मिलुटिनने हे विचारलं तेव्हा मी साउथहॅम्प्टनच्या आमच्या प्रॉडक्शन ऑफिसात उभी होते. ऑफिस म्हणजे डॉकजवळच्या एका बंद पडलेल्या कार्पेटच्या दुकानात मांडलेली चार टेबलं. मी फोनवर म्हटलं, “अरे, संत निकोलसचा दिवस ना तुझा? त्या दिवशी शूटिंग करणार नाही असं काँट्रॅक्टमध्येच घातलंय तू.”

“हो. पण तो एकोणीसला असतो,” तो शांतपणे म्हणाला.

एकोणीस डिसेंबरला डॉकच्या बर्थवर, म्हणजे जहाज लागतं त्या धक्क्यावर, आमचा सगळ्यात मोठा सीन होता. तो सीन दुसऱ्या कुठल्याही दिवशी होणार नव्हता. आणि मिलुटिनशिवाय तर होणारच नव्हता.

मी प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर होते. पडद्यावर शेवटी नावं सरकतात, प्रेक्षक कोट चढवून बाहेर पडत असतात, तेव्हा केव्हातरी माझं नाव येतं. काम एका वाक्यात सांगायचं तर प्रत्येक माणूस आणि प्रत्येक वस्तू ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचवायची. काही चुकलं की ते माझं, आणि सगळं नीट झालं की ते डायरेक्टरचं.

तेव्हा आम्ही दोन भागांची एक टीव्ही फिल्म करत होतो. जहाजावरचा एक रिटायर्ड इंजिनियर आणि कॅफे चालवणारी एक विधवा, अशी दोन पिकल्या वयाच्या माणसांची प्रेमकथा. इंजिनियरचं काम मिलुटिन करत होता.

हा माणूस कोण होता, ते सांगायला हवं. सर्बियात तो प्रचंड लोकप्रिय होता, आणि तेही विनोदी नट म्हणून. ऐन तिशीत त्याने एका सिनेमात प्रत्येक लग्नाला उशिरा पोचणारा बँडवाला केला होता. त्यानंतर तिकडे तो नुसता दारातून आत आला तरी लोक हसायला लागत. एकदा लंडनमध्ये आम्ही दोघं रस्त्याने चाललो होतो. वर परांचीवर एक सर्बियन पेंटर काम करत होता. मिलुटिनला बघून तो असा काही ओरडला की हातातला ब्रश खाली पडला. मग स्वतः खाली उतरून आला आणि त्या बँडवाल्याचं एक वाक्य म्हणून दाखव म्हणाला. मिलुटिनने तोंड उघडायच्या आधीच तो पोट धरून हसत होता.

मग नव्वदच्या दशकात युद्ध आलं, निर्बंध आले, तिकडचे सिनेमे आटले. मिलुटिन कामासाठी इंग्लंडमध्ये आला. इथे त्याचा चेहरा कोणी बघितला नाही, ॲक्सेंट तेवढा ऐकला. शस्त्रांचा दलाल, माणसांची तस्करी करणारा, क्रूर कर्नल. एखाद-दोन वाक्यं बोलायची आणि गोळी खाऊन पडायचं. तो गोदामात मेला, जिन्यावर मेला, एकदा तर स्विमिंग पूलमध्ये मेला. “माझ्या आईने माझे इंग्लिश सिनेमे बघणं सोडलं,” तो मला म्हणाला होता. “तिला विचारावं लागतं, यात शेवटपर्यंत आहेस ना रे?”

या फिल्ममध्ये तो शेवटपर्यंत होता. हातात पिस्तूल नव्हतं. इंग्लंडमधला हा त्याचा पहिला सरळ माणूस. आणि तो वाखाणला गेला तर पुढची कामंही वेगळी मिळतील, एवढी एकच आशा त्याने धरली होती.

आता एकोणीस तारखेचा घोळ. सर्बियन कुटुंबात एक संत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असतो. वर्षातून एकदा त्याचा दिवस करतात. त्याला ते ‘स्लावा’ म्हणतात. बापाकडून तो मुलाकडे येतो. मला हे कळायला एक मिनिटही लागलं नाही. हा तर कुळाचार! इंग्रजांना समजावताना मात्र मी घायकुतीला आले. त्यांचं चर्च जुन्या कॅलेंडरने चालतं, ते तेरा दिवस मागे असतं. म्हणून जगाचा सहा डिसेंबरचा संत निकोलस त्यांच्याकडे एकोणीसला येतो. आपल्याकडे स्मार्त एकादशी आज आणि भागवत उद्या असते, तशातलाच प्रकार.

शेड्यूल आमच्या लाइन प्रोड्युसरने, डंकनने, लावलं होतं. लाइन प्रोड्युसर म्हणजे शूटिंगचा रोजचा कारभार बघणारा साहेब. त्याने इंटरनेटवर संत निकोलस टाइप केलं, सहा तारीख बघितली आणि सुट्टी लावून मोकळा झाला. वर सगळ्या युनिटला ईमेल पाठवली, आपण सगळ्यांच्या संस्कृतीचा कसा आदर करतो म्हणून. मी तेव्हाच म्हटलं होतं, “त्यालाच एकदा विचारू या का?” त्यावर डंकन म्हणाला होता, “ख्रिसमसची तारीख आपण कोणाला विचारतो का?”

आता मी त्याच्या टेबलाशी जाऊन सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग त्याने या वर्षी सहाला करावं.”

“डंकन, ती डेंटिस्टची अपॉइंटमेंट नाहीये.”

“डॉकचा बर्थ आपल्याला फक्त एकोणीसला रिकामा मिळतोय. ख्रिसमसआधी दुसरा दिवस नाही. पोर्टवाल्यांशी तूच बोललीस ना?”

बोलले होते. महिनाभर बोलले होते. “एकोणीस फायनल करण्याआधी तू चेक करायला हवं होतंस,” असंही तो म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला इतका संताप आला की मी बाहेर जाऊन पार्किंगला दोन चकरा मारल्या.

मिलुटिनही ऐकेना. त्याचे वडील त्याच वसंतात गेले होते. म्हणजे घरचा कर्ता म्हणून त्याचा हा पहिलाच स्लावा. आई तिकडे सर्बियात, नोवी सादला एकटी. “मेणबत्ती मी लावायची असते,” तो म्हणाला. “या वर्षी नाही लावली, तर बापाबरोबर तीही गेली असं होईल.” मी त्याला समजावलं, की तू निघून गेलास तर इथे ‘डिफिकल्ट’ हा शिक्का बसेल आणि इथल्या धंद्यात तो शिक्का पुसला जात नाही. तो म्हणाला, “माहीत आहे.” त्याचं ते शांत ‘माहीत आहे’ मला डंकनच्या बडबडीहून जास्त छळत राहिलं.

शनिवारी लंडनला, हॅरोमधल्या घरी गेले ती धुमसतच. सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. मी कुकर आदळला तशी त्यांनी विचारलं, काय झालं म्हणून. मी सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, “मला एक सांग, त्यांचा देव घराला बांधलेला असते की माणसाला?”

“म्हणजे हो, आई?”

“अगं, महेश इकडे आला तेव्हा मी देवीचा टाक त्याच्या बॅगेत घालून दिला की नाही? तुमच्या घरी नवरात्र होतेच ना? तसं चालते का त्यांच्यात, विचारलं कोणी त्याला?”

कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तिथूनच मिलुटिनला फोन लावला. तो म्हणाला, “माझ्या आजोबांनी युद्धात खंदकात केला होता. कर्ता जिथे उभा, तिथे होतो. पण आईला विचारावं लागेल.”

आईने परवानगी दिली. अट एकच: सगळं यथासांग व्हायला हवं.

यथासांग म्हणजे काय, हे त्याने सांगितलं तसतशी माझी बोटं कपाळाकडे जायला लागली. संताची तसबीर. लाल वाइन. वर नक्षी केलेला गोल पाव. उकडलेल्या गव्हात साखर आणि अक्रोड घालून केलेला गोड पदार्थ, आलेल्याने आधी तो चमचाभर खायचा. ख्रिसमसआधीचा उपास, म्हणून मांस, अंडं, दूध, लोणी काही नाही, मासे चालतात. दिवसभर जळणारी मेणबत्ती. आणि कर्त्याने पाहुण्यांसमोर बसायचं नाही, उभं राहायचं.

डॉकमध्ये उघड्या ज्योतीला सक्त मनाई. डंकनने यावर बॅटरीची मेणबत्ती सुचवली. मी ती उडवून लावली. शेवटी ठरलं की स्लावा युनिट बेसला करायचा. युनिट बेस म्हणजे मेकअपच्या, कपड्यांच्या आणि जेवणाच्या गाड्या उभ्या राहतात ती जागा. ती डॉकच्या कुंपणाबाहेर एका कारपार्कमध्ये होती. मिलुटिनच्या ट्रेलरमध्ये मेणबत्ती, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर, आणि त्याच्या शेजारी सेफ्टीचा एक माणूस. दुपारी मिलुटिनला गाडीने आत नेऊन सीन उरकायचा, की परत आपला स्लावा.

डंकनने त्याला माझ्यासमोर विचारलं, “पाहुणे किती बोलावलेस? मला आकडा हवा.”

“मी कोणालाही बोलावलेलं नाही,” मिलुटिन म्हणाला.

डंकनचा चेहरा खुलला. माझाही खुलला, खोटं कशाला बोलू.

एकोणीसला सकाळी त्याने मेणबत्ती लावली, छातीवर क्रॉसची खूण केली आणि काहीतरी पुटपुटला. आम्ही चार-पाच जणांनी गहू खाल्ले. सगळं छान. मग अकराच्या सुमाराला सिक्युरिटीचा वॉकीटॉकीवर आवाज आला. “इथे एक मिनीबस आलीय. नन्स आहेत. आणि ॲकॉर्डियन आहे.”

मिनीबसमागे गाड्या. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमधल्या नर्सेस, डॉकवर आलेले दोन ट्रक ड्रायव्हर, बर्मिंगहॅमहून निघालेली अख्खी कुटुंबं. प्रत्येकाच्या हातात वाइन नाहीतर मासे.

मी धावत ट्रेलरकडे गेले. “तू म्हणालास कोणाला बोलावलं नाही!”

“नाही बोलावलं,” तो म्हणाला. “स्लावाला कोणी बोलावत नाही. ज्याला माहीत असतं तो येतो.”

“आणि यांना माहीत कसं?”

“वैशाली,” तो कीव केल्यासारखा म्हणाला, “मी आमच्याकडचा फार मोठा स्टार आहे.”

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. कारपार्क भरलं, तेव्हा सामानाचा ट्रक बाहेर पडायला जागा उरली नाही. केटरिंगवाल्यांनी सवयीने बेकन तळायला घेतलं होतं, ते एका ननने बंद करायला लावलं. प्रत्येक पाहुणा मिलुटिनचे तीन मुके घेत होता आणि मेकअपवाली ट्रेसी दर वेळी त्याचे गाल पुन्हा रंगवत होती. अखेर तिने ब्रश खाली टाकला आणि गव्हाची वाटी घेऊन बसली.

दुपारचे तीन वाजत आले. इथे डिसेंबरात साडेतीनच्या पुढे उजेड राहत नाही. डायरेक्टर, कॅमेरा, विधवेचं काम करणारी नटी, सगळे बर्थवर कुडकुडत उभे. डंकन लाल होऊन माझ्याकडे आला.

“त्याला सांग, दहा मिनिटांत बर्थवर नसशील तर सीन कट. शेवट बदलू. इंजिनियर हॉस्पिटलमध्ये मरतो, पडद्याबाहेर. एक फोन कॉल दाखवला की काम झालं.”

मी गर्दीतून वाट काढत मिलुटिनपर्यंत पोचले. “आत्ता नाही आलास तर तुला मारणार आहेत.”

“पुन्हा?” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू त्या एका क्षणात गेलं. त्याने दाराकडे बघितलं. बाहेर अजून माणसं येत होती. “कर्त्याने दार सोडून जायचं नसतं. घरचं कोणीतरी उभं लागतं. माझं इथे कोण आहे?”

मला इतका राग आला होता! त्याचा, डंकनचा, त्या तेरा दिवसांचा, सगळ्यांचा. मी त्याच्या हातातली गव्हाची वाटी हिसकावून घेतली. “मी उभी राहते. जा तू!”

“तुला करता येईल?”

“आयुष्यभर दुसरं काय केलंय? दारात उभं राहायचं आणि या, बसा म्हणायचं. जा!”

तो पळाला. पन्नाशी उलटलेला तो माणूस गाडीपर्यंत अक्षरशः पळत गेला.

मग मी उभी राहिले. रेनकोट, गळ्यात वॉकीटॉकी, हातात गहू. कुळाचार कोणाचा आणि दारात कोण! अनोळखी बायका मला मिठ्या मारत होत्या, पुरुष तीन-तीनदा गालाला गाल लावत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला सर्बियनमध्ये बरंच काही ऐकवलं. नर्सने भाषांतर केलं: “ते म्हणतात, मिलुटिनने बायको चांगली केली.” मी वॉकीटॉकीत ओरडत होते, ट्रक काढा, मिनीबस मागे घ्या, आणि तोंडाने हसत होते. पाय मोडून आले. बसायला मात्र मन धजेना.

बर्थवरचा सीन मी बघितलाच नाही. नंतर कळलं ते असं: ती बाई जहाजाने निघून जाते आणि इंजिनियर काही न बोलता उभा राहतो. रिहर्सलला उजेड नव्हता. एकच टेक मिळाला. मिलुटिन सकाळपासून उभाच होता, तसाच तिथे जाऊन उभा राहिला. डायरेक्टर म्हणाली, ती कट म्हणायचंच विसरली. अंधार पडता पडता तो परत आला, माझ्या हातून वाटी घेतली आणि पाहुण्यांकडे वळला. थँक यूसुद्धा म्हणाला नाही. घरच्यांना कोणी म्हणत नाही.

फिल्म लागली. लोकांना आवडली. पेपरात त्याच्या त्या उभं राहण्याबद्दल दोन ओळी आल्या. आणि मग त्याच्या एजंटकडे कामं आली: एक शस्त्रांचा दलाल, एक तस्कर, एक कर्नल. मला त्या बातमीने रडू आलं, इतकी मी त्याच्यासाठी चिडले. तो नाही चिडला. त्याने तिन्ही घेतली. फक्त प्रत्येक काँट्रॅक्टमध्ये तारीख आकड्यात लिहून घेतली. पुढच्या वर्षी त्याला तिघांनीही नोव्हेंबरातच मारलं. एकोणीस डिसेंबरला तो नोवी सादच्या घरी दारात उभा होता, आणि आई मागे.

तेव्हापासून कोणीही नट बुक होवो, मी स्वतः फोन करते. देव कुठला, कुठल्या पंचांगाने, आणि त्या दिवशी घरी कोण कोण येतं. एजंट वैतागतात. वैतागू देत.