कासममामांचा लाल आणि माझा शेंदूर

कासममामांना मी पहिल्यांदा पाहिले ते दौंडच्या इंजिनशेडच्या भिंतीपाशी. स्वातंत्र्याला सहा-सात वर्षे झाली होती आणि मी शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. मामा भिंतीवर टांगलेल्या खापऱ्या उतरवून न्याहाळत होते. प्रत्येक खापरीवर वेगळ्या लाल रंगाचा एकेक हात दिलेला होता. "सहा म्हैनं धूर खाऊ दिला," ते म्हणाले. "ज्यो लाल हितं टिकंल, त्योच खरा." शेंदराची खापरी काळीठिक्कर पडली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली. त्यामुळे शेंदूर धुरात टिकत नाही हे मला ठाऊक नव्हते, असे म्हणायला जागा नाही.

पुढे सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर नाटकांचे पडदे रंगवू लागलो. मामांचा लाल पंचक्रोशीत नावाजलेला. हिरमजीची गर्द माती पाट्यावर घोटायची, पाण्यात कालवायची, खाली बसलेली खर टाकून पुन्हा घोटायची. यात दोन दिवस जात. मग चिमटीभर तांबडा हिंगूळ आणि रंग धरून राहावा म्हणून कोमट सरस. घाई त्यांना खपत नसे. गिऱ्हाईक दारात येऊन बसले, तर मामा त्याला चहा पाजत आणि वरवंटा चालूच ठेवत.

रेल्वे कॉलनीच्या हॉलसाठी आम्ही राजदरबाराचा पडदा रंगवत होतो. भाचीच्या लग्नासाठी मामा शिरूरला गेले आणि दरबाराचे छत माझ्यावर सोपवून गेले. लाल कमी पडला. प्रयोग परवावर आलेला, आणि मला घोटत बसायचा कंटाळा आला. अडचण नव्हती, रात्रंदिवस बसलो असतो तर झाले असते. मी वाण्याकडून शेंदूर आणला आणि उरलेल्या रंगात कालवला. छत असे झळकले की लोकांनी माझी पाठ थोपटली. मामा परतल्यावर मी त्यांना काहीच सांगितले नाही.

वर्षाच्या आत छत इंजिनांच्या धुराने काळवंडले. हॉलच्या सेक्रेटरींनी आम्हा दोघांना बोलावून चारचौघांत विचारले, "मामा, हलका माल घातला व्हय?" मामांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी खाली बघत उभा राहिलो. "रंग माझा हाय," ते म्हणाले. "पडदा धुवून परत काढून देतो." आणि तो त्यांनी एकट्याने काढून दिला.

बोभाटा वरवंडपर्यंत गेला. तिथल्या देवळाचा सभामंडप रंगवायचे काम मामांचे ठरले होते. ते काढून घेऊन मंडळी माझ्याकडे आली, आणि मी ते घेतले. ही ओळ लिहिताना आजही मान वर होत नाही. त्यावर कडी म्हणजे, मला लाल जमेना तेव्हा मामांनीच तो घोटून दिला. डबा देताना एवढेच म्हणाले, "ह्यात दुसरं काय घालू नका, मास्तर." तो लाल अजून जसाच्या तसा आहे, आणि वरवंडची माणसे त्याला माझा लाल म्हणतात.

मामांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी लिहिलेला इथवरचा मजकूर मी गेल्या रविवारी त्यांना वाचून दाखवला. ते हसतील, जाऊ द्या म्हणतील, अशी आशा मनात धरून गेलो होतो.

"मला तवाच कळलं हुतं," ते म्हणाले. "म्हटलं, मास्तर आज सांगतील, उद्या सांगतील. ह्यो रंग मला अब्बांनी शिकवला. ते तवा जित्ते हुते. त्येंच्या कानावर गेलं, पोरानं रंगात भेसळ केली. तेच मनात धरून ते गेले. तुम्ही त्येंना तरी सांगाया हवं हुतं."

मी उठताना त्यांनीच सांगितले, "छापा. काय गाळू नका."

म्हणून काही गाळलेले नाही. मामांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांची नजर आणि मनगट अशीच शाबूत राहोत. या ग्रंथाची पहिली प्रत मी स्वतः वरवंडला नेणार आहे आणि देवळात बसून वाचून दाखवणार आहे. ज्यांना ती सर्वांत आधी ऐकवायला हवी होती, ते अब्बा मात्र ऐकायला नाहीत.