दरीतही न तुटलेला फोन

डोंगराआड नेटवर्क गेलं तरी गाडीतला फोन तुटू नये, असं यंत्र एका कंपनीत तयार होत होतं. ते बसवलेली गाडी घाटातून फिरवायची आणि फोनवर सतत बोलत राहायचं, हे काम ड्रायव्हरकाकांचं. बोलायला रोज कोण मिळणार? मग ते आईला सांभाळणाऱ्या धाकट्या बहिणीलाच फोन लावायचे.

बहीण आधी शेजारणीचा उद्धार करायची, मग आईच्या दुखण्यावर यायची. नेमकी तेव्हाच दरी लागायची आणि फोन तुटायचा. काकांना हायसं वाटायचं. पुन्हा लागला की ते विषय बदलायचे.

एके दिवशी मात्र दरी आली, तरी आवाज तसाच राहिला.

"दादा, ऐकतोयस ना?"

"अगदी शेजारी बसल्यासारखं."

"मग आज ऐकूनच घे. आई आता मला ओळखत नाही. तुझं नाव घेत दाराकडे बघत असते. मी एकटीनं किती रेटू?"

काकांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"फोन तुटला का रे?"

'हो' म्हणून सुटणं आता शक्य नव्हतं. "नाही. येतो मी," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात ते आईकडे गेले. आईनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आपण कोण?"

काका तिच्या पायाशी बसले. "ड्रायव्हर आहे."

"माझा मुलगाही गाडी चालवतो," आई म्हणाली. "त्याला सवडच होत नाही हो."

काका खाली बघत तिचे पाय चेपत राहिले.