सॉरीचं जपानी

मशीनच्या तेलाचा वास आला की वाळूजचा कारखाना आठवतो. घरातला पहिला पदवीधर मी, तिथं जपानीचा दुभाषा होतो. एका सकाळी जपानी इंजिनिअरची आई तिकडं वारल्याचा फोन आला. म्हातारे मिस्त्री चाचा मला म्हणाले, "बेटा, उसकू मेरा सॉरी बोल." दुखवट्याला जपानीत वेगळे शब्द आहेत, पण कारखान्यात रोज चुकांचीच माफी मागायची, त्या सवयीनं मी माफीचा शब्द सांगितला. इंजिनिअरनं डोळे पुसले, हेल्मेट घातलं आणि काय बिघडलं ते बघायला तो चाचांच्या मशीनकडं निघाला. चाचा मागं धावले. "मशीन कू कुछ नाय हुआ, बेटा!" म्हणत त्यांनी त्याला पोटाशी धरलं. परवा माझी आई गेली. भेटायला आलेले सगळे योग्य तेच बोलले. मी मात्र दारात चाचांना शोधत होतो.